मोरचुदाचा रंग

गोपालच्या गाडीला दोनच पॅडल होते, आणि या दोन पॅडलचं कौतुक तो चार वर्षं सांगत होता. एक ब्रेकचं, एक रेसचं. क्लच नाहीच. गिअर गाडी आपली आपण टाकते. नवा माणूस शेजारी बसला की टेंभी गाव सुटायच्या आत त्याला हे ऐकावं लागे, आणि त्याने लक्ष दिलं नाही तर गोपाल गाडी हळू करून पुन्हा पहिल्यापासून सांगे. जयवंताला ते सगळं पाठ झालं होतं. तरी ती दर वेळी खिडकीकडे तोंड करून हसायची. नवऱ्याने कशाचं तरी कौतुक करावं याची तिने फार वाट पाहिली होती.

गोपाल आधी ट्रक चालवायचा. मुलताईच्या रस्त्यावर ट्रक कलंडला आणि डाव्या गुडघ्याचा चुरा झाला. डॉक्टरांनी गुडघा जुळवला, पण तो वाकेना. डावा पाय वाकत नाही म्हणजे क्लच दाबता येत नाही, आणि क्लच दाबता येत नाही म्हणजे ड्रायव्हर खाटेवर. तीन वर्षं तो ओसरीतल्या खाटेवर होता. त्या तीन वर्षांत घरात मीठ कमी पडलं तरी भांडण आणि जास्त पडलं तरी भांडण. पोरगी प्रणाली मोठ्याने धडा वाचायची, ती मनातल्या मनात वाचायला लागली. मग वरुडाचा मेकॅनिक रऊफ एक दिवस घरी आला आणि म्हणाला, "गोपालभाऊ, क्लचाबिगर पिकअप निंगाली. चाल, पाहून येऊ." तोच त्याला अमरावतीला घेऊन गेला, तोच शेजारी बसला, आणि शोरूमच्या आवारात गोपालने पहिला फेरा मारला तेव्हा रऊफच टाळ्या वाजवत होता. गोपाल त्या रात्री दोन भाकरी जास्त जेवला. खाट उचलून माळ्यावर टाकली ती जयवंताने, कोणाला न विचारता.

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. आंबिया बहाराचा संत्रा पिवळा झाला होता आणि वरुडाच्या सगळ्या रस्त्यांवर गाड्याच गाड्या. वामनराव हे टेंभीतले मोठे बगीचेवाले. आपला माल तर विकायचेच, दुसऱ्यांचे बगीचेही घ्यायचे, आणि हंगामभर गोपालच्या गाडीला त्यांचंच काम असायचं. जयवंता त्यांच्याकडेच तोडणीला जायची. सकाळी नवऱ्याच्या शेजारी बसून यायची, संध्याकाळी त्याच्याच शेजारी बसून जायची. त्या दिवशी अकराच्या सुमाराला गाडी भरली, कॅरेटांवर ताडपत्री बांधून झाली, गोपालने चावी फिरवली. इंजिन लागलं. त्याने गिअरची दांडी पुढे केली. समोरचा आकडा दोनदा लुकलुकला, विझला, आणि गाडी जागची हलली नाही.

"काय झालं वो?" जयवंता झाडाखालून धावत आली.

"गिअर घेऊन नाई राहिली."

"पुन्यांदा पाहा ना टाकून."

"मंग मी इथं बसून काय करून राहिलो?" तो खेकसला. हा आवाज जयवंताने चार वर्षं ऐकला नव्हता.

वामनराव आले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाला पायाने टोचलं. गाडी बंद पडली की सगळेच टोचतात. "मालाले ऊन लागून राहिलं बा, गोपाल," ते म्हणाले, "मी दुसरी गाडी बोलावतो." दुसरी गाडी आली. बायांनी आपल्याच हातांनी भरलेले सगळे कॅरेट गोपालच्या गाडीतून काढून त्या गाडीत टाकले. जयवंताही त्यात होती. गोपाल तेवढा वेळ सीटवर बसून राहिला. खाली उतरायचं तर दाराला धरून, डावा पाय हाताने उचलून बाहेर काढावा लागतो, आणि एवढ्या लोकांसमोर त्याला ते करायचं नव्हतं.

दुपारी रऊफ त्याच्या जुन्या मोपेडवर आला. पन्नाशीचा, काडीसारखा बारीक माणूस. चष्म्याच्या दांडीला तांबडा दोरा गुंडाळलेला. त्याने स्टेअरिंगखाली आपलं छोटं यंत्र खुपसलं, त्याच्या काचेवर काय आलं ते वाचलं, मान हलवली, आणि बॉनेट उघडून बॅटरीची तार सोडली. बॅटरीच्या बाजूला पंज्याएवढा काळा डबा होता. "हा गिअरचा दिमाग," तो म्हणाला. "कोन्ता गिअर टाकाचा, कवा टाकाचा, सारं हाच सांगते. हा मुका झाला म्हनजे गाडी उभी." त्याने डब्यातला तारांचा भलामोठा प्लग खटका दाबून ओढला.

आतल्या पिना हिरव्या-निळ्या पडल्या होत्या. बारीक भुकटी साचली होती, आणि दोन पिना तर खाऊन खाऊन निम्म्या राहिल्या होत्या.

जयवंता पाण्याची बाटली घेऊन बाजूलाच उभी होती. तिने तो रंग पाहिला. हा रंग तिने ओळखला. संत्र्याच्या गावात जन्म काढलेल्या कोणत्याही बाईने ओळखला असता.

मोरचूद! निळे खडे असतात. पाण्यात विरघळवायचे, चुन्याच्या पाण्यात मिसळायचे आणि झाडांच्या खोडांना मारायचं, म्हणजे डिंक्या रोग लागत नाही. गोपालची स्वतःची शंभरेक झाडं होती. दसऱ्याच्या दोन दिवस आधी नवरा-बायकोने ड्रम भरून ते पाणी तयार केलं होतं. चुना पुरेसा पडला की नाही ते पाहायला पाण्यात विळा बुडवतात. विळा लाल निघाला तर चुना कमी, पाणी तिखट. त्या दिवशी विळा लाल निघाला होता. जयवंताने दाखवलाही. "चालते," गोपाल म्हणाला होता, "आता चुन्यासाठी वरुडाले कोन जाते?" तेच पाणी पंपाने झाडांना मारलं आणि पाईप गुंडाळून अंगणात ठेवला.

दसऱ्याच्या सकाळी गोपाल शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून झेंडूची फुलं आणायला गेला. गाडीची पूजा होती. जयवंताला वाटलं, तो येईपर्यंत गाडी लखलखीत करून ठेवावी. बादलीने किती धुणार? नऊ वाजता लाईन जाणार होती. तिने फवाऱ्याचा पंप लावला. पहिली चिळकांडी निळसर आली, तिने पाहिली होती. जाईल वाहून, म्हटलं. तिने चाकं धुतली, फाळका धुतला, आणि बॉनेटसुद्धा उघडलं, कारण तिथली धूळ गोपाल रोज फडक्याने टिपायचा आणि तो टिपताना त्याचा पाय दुखायचा. तिथे तिने सगळ्यात जास्त वेळ पाईप धरला. पंपाचा जोर एवढा की हात थरथरत होते.

गोपाल परत आला आणि फाटकातच थांबला. "नवी दिसून राहिली बे," तो म्हणाला. मग शेजाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "गाडी मायी, पन हात इचे." लग्नाला अठरा वर्षं झाली होती. त्या वाक्यावर जयवंता दिवाळीपर्यंत जगली.

आता रऊफने ती भुकटी दोन बोटांत चोळली, नाकाशी नेली. "पानी गेलं अंदर," तो सावकाश म्हणाला. "आनि साधं पानी नोय हे."

"पोयाच्या सनाले बॅटरी बदलली तवा हा डब्बा तूच काढला होता ना?" गोपाल सीटवरूनच म्हणाला.

"काढला होता. परत बसवला."

"प्लगाचं रबर नीट बसवलं नसीन."

"बसवलं होतं, भाऊ."

"मंग पानी काय आभायातून गेलं?"

रऊफने मान वर केली. त्याने गोपालकडे पाहिलं नाही, जयवंताकडे पाहिलं. ती पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करत होती, ते आधीच घट्ट होतं. बोलावं, असं तिच्या ओठांवर आलं. तेवढ्यात गोपालचा हात आपल्या डाव्या गुडघ्यावर गेला आणि तिथेच थांबला. खाटेवर असताना तो तासन् तास असाच बसायचा. जयवंताने बाटली पदराखाली धरली आणि ती झाडाकडे निघून गेली.

गाडी ट्रॅक्टरला बांधून रऊफच्या गॅरेजात नेली. अमरावतीच्या शोरूममध्ये फोन केला तर त्यांनी सांगितलं, डबा मागवावा लागेल, दीड महिना लागेल. दीड महिन्याने आंबिया संपतो. झाडावर पानं राहतात, आणि पानं वाहायला कोणी पिकअप लावत नाही.

दुसऱ्या एकाने आपली गाडी देऊ केली होती. तिला क्लच होता. वामनराव मात्र मोठ्या मनाचे. त्यांनी गोपालला काम दिलं. बगीच्यात माकडं येत होती, त्यांना हाकलायचं. हातात एक काठी आणि बसायला प्लास्टिकची खुर्ची. जयवंता शिडीवरून पाहायची. काळतोंडं वानर बांधावर येऊन बसे, गोपाल खुर्चीवरून ओरडे, वानर बसून राही. मग तो काठी टेकवून उठे, पाय ओढत चार पावलं जाई, तेवढ्यात वानर सावकाश दुसऱ्या झाडावर जाई आणि तिथून संत्रा सोलत त्याच्याकडे पाही. बाया तोंडाला पदर लावून हसत. एकदा हसू आवरलं नाही तेव्हा एक बाई जयवंताला म्हणाली, "रागावू नको वं बाई, पन त्या वानरालेही समजलं." जयवंताने त्या दिवशी बोटं काट्यांनी फाडून घेतली.

घरी गोपाल जेवत नव्हता. तिसऱ्या दिवशी त्याने माळ्यावरची खाट खाली काढायला सांगितली.

"कायले?" जयवंताने विचारलं.

"बसाले. आनखी खाट कायले असते?"

तिने खाट काढली. झाडून, पुसून ओसरीत टाकली. आत गेली आणि पिठाच्या डब्यात हात घालून तशीच उभी राहिली. आता सांगितलं तर हा माणूस पुन्हा खाटेवरून उठायचा नाही, असं तिला वाटलं. माझ्याच हाताने, माझ्याच हाताने, असं तिचं आतल्या आत चाललं होतं.

पाचव्या दिवशी गोपाल वामनरावांच्या मोटरसायकलवर बसून वरुडाला गेला. जयवंताला प्रणालीच्या वह्या आणायच्या होत्या, ती बसने गेली. मोर्शी रोडच्या चौकात रऊफचं गॅरेज आणि गॅरेजला लागून चहाची टपरी. हंगामात तिथे पिकअपवाल्यांचा अड्डाच असतो. चहा पितात, गाडी दाखवतात, एकमेकांची उणीदुणी काढतात. जयवंता पोचली तेव्हा गोपाल टपरीच्या बाकावर पाय लांब करून बसला होता, वामनराव बाजूला, आणि दहाबारा ड्रायव्हर उभे. मध्ये रऊफ, हातात काळं फडकं.

"चार वर्सं हात कोनी लावला नाई गाडीले याच्याबिगर," गोपाल सांगत होता. "विश्वासानं देल्ली. आनि यानं मले माकडं हाकलाले बसवलं."

"रऊफ," वामनराव समजूतदारपणे म्हणाले, "मानसाच्या हातून होते. झालं असीन त सांग. पाचजनात सांगितलं म्हनजे मिटते."

रऊफ चष्मा पुसत होता. पुसून डोळ्यांवर ठेवला तेव्हा त्याला गर्दीच्या मागे जयवंता दिसली. हातात वह्यांची पिशवी, चेहरा पांढरा. तो तिच्याकडे एक क्षणभर पाहत राहिला. "आता सांगशील तर सांग" असं त्याच्या पाहण्यात होतं, हे तिला त्याच वेळी कळलं. तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"हो," रऊफ म्हणाला. "मायाच हातून रबर हाललं असीन."

"असीन का आहे?" एक ड्रायव्हर मागून म्हणाला.

"आहे. डब्बा मी आनून बसवून देतो. माया कडून."

"झालं मंग," वामनराव म्हणाले, आणि सगळ्यांना चहा सांगितला. रऊफलाही एक कप आला. त्याने तो टपरीच्या फळीवर ठेवला, तो तिथेच गार झाला. बाकीच्यांनी पिऊन घेतला. कप ठेवता ठेवता दोघा ड्रायव्हरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एक जण म्हणाला, "गाडी आता दुसरीकडं टाकाले पायजे बा. कोन्ताही डब्बा उघडीन हा."

रऊफ अकोल्याला गेला. तिथल्या भंगारवाल्यांकडे दोन दिवस फिरून त्याने अपघातात मोडलेली अशीच एक गाडी शोधली, तिच्यातला डबा काढला. वरच्या चिठ्ठीवरचे आकडे जुळत नव्हते म्हणून तो परत दिला, दुसरी गाडी शोधली. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आला, सोबत लॅपटॉपवाला एक माणूसही. जुना प्लग कापून नवा जोडला, एकेक तार रंग पाहून. मग चार बोल्ट, मग बॅटरी, मग लॅपटॉप. "आता याले ही गाडी शिकवा लागते," रऊफ म्हणाला. "गोपालभाऊ, बरेक दाबून धर." गोपालने ब्रेक दाबला. गाडीच्या पोटातून आवाज यायला लागले, कट, कट, कट. डबा एकेक गिअर टाकून पाहत होता, काढून पाहत होता. समोर पहिल्या गिअरचा आकडा उमटला आणि स्थिर राहिला.

गोपालने गाडी पुढे घेतली, मागे घेतली, पुन्हा पुढे घेतली. त्याचे डोळे भरून आले होते. जयवंताला वाटलं, आता तो उतरेल आणि रऊफच्या खांद्यावर हात ठेवेल. तो खिडकीतून म्हणाला, "रबर पाहून बसवलं ना या टायमाले?" आणि गाडी घेऊन निघाला. रऊफ जमिनीवरची हत्यारं गोळा करत होता.

हंगाम धावत सुटला होता. दिवसाला तीन-तीन खेपा. खाट पुन्हा माळ्यावर गेली. गोपाल नव्या माणसाला दोन पॅडलचं कौतुक सांगायला लागला. जयवंताला आता हसू येत नव्हतं. चौकातून जाताना ती गॅरेजकडे पाहायची. आधी तिथे गाड्यांची रांग असायची. आता एखादी मोपेड, कधी ती रऊफचीच.

पंधरवड्याने ती वामनरावांच्या पॅकिंगच्या शेडमध्ये संत्रा निवडायला बसली असताना शेजारी एक बाई येऊन बसली. वय झालेलं, बसताना गुडघ्यांवर हात ठेवून बसली. बिस्मिल्लाबी, रऊफची बायको. लग्न झाल्यापासून तिला गॅरेजमागच्या घरात पाहिलेलं, ईदेला तिच्या हातचा शीरखुर्मा खाल्लेला. ती कधी मजुरीला गेली नव्हती.

"तुमी?" जयवंताच्या तोंडून निघालं.

"हाव. हातचं काम आहे, लाज कायची?" बिस्मिल्लाबी मोठा संत्रा एका बाजूला, बारका दुसऱ्या बाजूला टाकू लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पुरा दिवस गाडीची वाट पाहात बसते तो. गाडीच येत नाई."

बास, एवढंच बोलली. टोमणा मारला नाही, नवऱ्याची कड घेतली नाही. मारला असता तर जयवंताला बरं वाटलं असतं.

त्या दुपारी शेवटची खेप वरुडाला निघाली तेव्हा ती नवऱ्याच्या शेजारी बसली होती. गाडी डांबरी रस्त्याला लागली आणि ती म्हणाली, "आयकता का? मले एक सांगाचं आहे."

"सांग ना."

"रऊफभाईची गलती नोयती. दसऱ्याले म्या गाडी धुतली ना, फवाऱ्याच्या पाईपानं? त्यात मोरचुदाचं पानी होतं. अंदर म्याच मारलं." ती सीटच्या कडेला दोन्ही हातांनी धरून बसली होती. आता गाडी थांबेल, आता हा ओरडेल.

गोपालने समोरच्या बैलगाडीला हॉर्न दिला, तिला ओलांडलं. "मले मालूम आहे," तो म्हणाला.

"कवापासून?"

"पायल्या दिवसापासून. दसऱ्याच्या सांजी पाईप म्याच गुंडायला होता, टोकातून निळं पानी गयत होतं. आनि रंग का मले दिसत नाई? विळा लाल निंगाला तवा मीच म्हनलं होतं ना, चालते."

"मंग रऊफभाईले कावून...?"

"तुय्यावर घेतलं असतं त डब्बा कोनं आनून देल्ला असता? तुया बापानं?" तो रागावला नव्हता. अगदी सहज, भाव ठरवताना बोलावं तसं बोलत होता. वर म्हणाला, "तुलेच वाचवलं ना बे म्या. लोक म्हनले असते, बायकोनं नवऱ्याची गाडी बुडवली."

जयवंता त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. तीन वर्षांच्या खाटेला ती घाबरली होती. या सीटवर बसलेल्या माणसाला घाबरायला हवं होतं, हे तिला आता समजत होतं. चौक आला तशी ती म्हणाली, "गाडी उभी करा." तो नाही म्हणाला असता, पण समोर ट्रॅक्टर आडवा होता आणि गाडी थांबलीच. ती उतरली.

टपरीवर वामनराव होते, ते ड्रायव्हरही होते. ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. पदर खोचलेला, नखांत संत्र्याचा पिवळेपणा. "रऊफभाईची गलती नोयती," ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून तिने पुन्हा सांगितलं. "गाडी म्या धुतली होती, मोरचुदाच्या पाईपानं. डब्बा माया हातानं बिघडला."

वामनराव हसले. मायेनेच हसले. "जयवंता, अवं गाडीच्या गोष्टी त्या. बायामानसाले काय समजते त्यातलं? जाय, माल उतरव."

"मी खरं सांगून राहिली. विळा लाल निंगाला होता."

"विळा!" एक ड्रायव्हर म्हणाला, आणि बाकीचे हसले. दुसरा म्हणाला, "भाबी, त्यानं सोता कबूल केलं ना पाचजनात. मंग?"

"मायासाठी केलं त्यानं कबूल."

हे म्हटलं आणि तिला आपली चूक कळली. ड्रायव्हरांनी एकमेकांकडे पाहिलं. जो मागे उभा होता तो हळूच म्हणाला, "तुमच्यासाठी कावून करीन वो थो?" या वेळचं हसणं वेगळं होतं. वामनरावांनी हसू दाबलं आणि बशीत चहा ओतला.

रऊफ गॅरेजच्या दारात येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. ती त्याच्याकडे गेली, तसे टपरीवरचे डोळे तिच्यामागे गेले.

"तुमाले मालूम होतं," ती म्हणाली.

"भाबी, वरुडात जनमलो मी. मोरचूद नाई ओयखीन त काय ओयखीन?" तो हळू बोलत होता, तिच्या डोक्यावरून टपरीकडे पाहत. "तवा बोलल्या असत्या त भागलं असतं. आता नका बोलू. आता बोलसान तितकं वाढते. जा."

तो कधी तिच्याशी इतकं परक्यासारखं बोलला नव्हता. तिने मान हलवली. जायला वळली, पुन्हा थांबली. "थो जुना डब्बा आहे का?"

रऊफने भिंतीशी पडलेल्या लोखंडातून तो काळा डबा काढला, फडक्याने पुसला आणि तिच्या हातात दिला. पिनांवरचा हिरवा रंग पुसला गेला नव्हता.

पलीकडून गोपाल हॉर्न वाजवत होता. ती गाडीजवळ आली, दार उघडलं आणि डबा समोर काचेखाली ठेवला. दसऱ्याचा सुकलेला झेंडूचा हार अजून तिथेच होता.

"हे कायले आनलं?"

"दसऱ्याले पुजाले."

गोपालने डबा उचलला, खिडकीबाहेर फेकायला हातही नेला. टपरीवरचे सगळे त्याच्याकडेच पाहत होते. त्याने हात आत घेतला आणि डबा होता तिथे ठेवला. "बस," तो म्हणाला.

जयवंताने दार लावलं. ती मागे गेली, फाळक्यावर पाय ठेवून वर चढली आणि कॅरेटांवर बांधलेल्या ताडपत्रीवर बसली. गोपालने आरशातून पाहिलं, दोनदा हाक मारली. ती उठली नाही. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गदारोळ केला, तेव्हा त्याने ब्रेकवरचा पाय उचलला. गाडीने आपला आपण पहिला गिअर टाकला आणि ती मंडीकडे निघाली.